तिथे आपलं कोण आहे?

ऐका, आज सकाळी आमच्या घरी माझ्या एमएसाठी युनिव्हर्सिट्या निवडल्या गेल्या. मी फक्त हजर होतो.

आईची अट एकच, त्या गावात आपलं कोणीतरी हवं. इंग्लंडमध्ये लीड्सला मावशीची नणंद राहते, म्हणून लीड्स उत्तम. मला हवा तो लेखनाचा कोर्स स्कॉटलंडमध्ये आहे. तिथे आपलं कोणी नाही, म्हणून तो बाद.

"अगं, मी शिकायला चाललोय."

"आणि ताप आला की मुगाची खिचडी कोण देणार, प्रोफेसर?"

तेवढ्यात बाबांनी पेपर खाली केला. "मी काकांकडे राहून शिकलो. सिनेमाहून परत यायच्या आत घरी बातमी पोचलेली असायची. तू स्कॉटलंडला अर्ज कर."

लगेच केला. आई तेव्हापासून फोनवर स्कॉटलंडमध्ये कोणीतरी शोधतेय.

तुमचं कोणी आहे का तिथे? असेल तर प्लीज, तिला सांगू नका.