तात्यांचं चॅनल

"माझं नाव खाली कावून?" शिवराजनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

माजलगावात मोंढ्यामागे माझा छोटा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. कॅसेटचे शेवटचे दिवस चालले होते आणि मी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता. त्या दिवशी युसूफ वडगावचं शिवभजनाचं मंडळ आलं होतं. किराणा दुकानवाले दोन भाऊ. थोरले महालिंगअप्पा पेटीवर, धाकटे शिवराज गायला. मृदंगावर भगवान. मंडळ उभं केलं ते या भावांच्या वडिलांनी, तात्यांनी. ते वारून वर्ष होत आलं होतं. पुण्यस्मरणाला त्यांच्या आवडत्या भजनांची कॅसेट गावात वाटायची होती. पण भगवान दुसऱ्या दिवशी सकाळी टोळीबरोबर ऊसतोडीला निघणार होता. तो परत येईपर्यंत पुण्यस्मरण होऊन गेलं असतं. म्हणजे आज झालं तर झालं.

आता थोडं कामाचं सांगतो. कॉम्प्युटरमागच्या साउंड कार्डाला माइक लावायची भोकं असतात. त्यांना नुसते नंबर. नंबरांत गोंधळ होतो, म्हणून स्क्रीनवर नावाची चॅनल्स करायची. मी वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांचीच नावं टाकली होती, वर महालिंगअप्पा, त्याखाली शिवराज. याला व्हर्च्युअल चॅनल म्हणतात. ते प्रत्यक्षात कुठंच नसतं. असतं फक्त नाव, आणि ते कुठल्या भोकाला जोडायचं हे आपण सांगायचं. वायर दुसरीकडे लावली तर जोडणी बदलायची, नाव तेच. नावं वर-खाली केली तरी आवाजाला काही होत नाही.

हे सगळं मी भावांनाही समजावलं.

"काई होत न्हाई तर मग घ्या वर," शिवराज म्हणाले.

घेतलं. महालिंगअप्पांनी लगेच पेटीचा भाता बंद केला.

"गाणाऱ्याचा मान मोठा हाय, बरोबर हाय. मग पेटीबी त्यालाच वाजवू द्या. आमी जातो दुकानावर."

"अप्पा, ही काय लग्नपत्रिका आहे का? नावं माझ्या सोयीसाठी आहेत."

"तुमची सोय झाली. आमचं काय?"

भगवान भिंतीला टेकून बसला होता. "सकाळी ट्रक हाय, अप्पा," एवढंच तो बोलला.

मला चांगलाच राग आला. बापाची कॅसेट राहिली बाजूला आणि हे दोघं नावावरून अडून बसलेले. तोंडावर आलेलं गिळलं आणि एक नवं चॅनल उघडलं. ते सगळ्यात वर नेलं आणि नाव टाकलं, तात्या. कुठल्याच भोकाला जोडलं नाही.

दोघांनी वाचलं. मग शिवराजनी टोपी सारखी केली.

"अण्णा, सूर द्या," ते थोरल्या भावाला म्हणाले. महालिंगअप्पांनी भाता उघडला.

दिवस मावळायच्या आत सगळी भजनं झाली. मी ती परत लावून ऐकवली. महालिंगअप्पा डोळे मिटून ऐकत होते. मधेच म्हणाले, "तात्यांचं जरा वाढवा."

"अप्पा, त्याला वायर नाही."

"ते दिसलं मला. तरी वाढवा."

वाढवलं. दोघं भाऊ शेवटपर्यंत ऐकत बसले.

कॅसेट वेळेवर वाटली गेली. मी मात्र तेव्हापासून पेटी, मृदंग, गाणं एवढंच लिहितो. जिवंत माणसाचं नाव चॅनलला द्यायचं नाही.