ज्याचं चाक, त्याचा गोटा

ये गं, अशी जवळ ये. कागदातून बोलायलेय म्हणून काय झालं, जवळ बसूनच वाच. संक्रांतीला आली न्हाईस, पंचमीला आली न्हाईस, आणि विचारलं तर निरोप काय, तर "आजी, तुमच्या गावचा रस्ता लय खराब हाय." हे तू मला सांगायलीस? ज्या रस्त्याचा मुरूम मी डोक्यावर वाहिला, त्याचं रडगाणं मलाच?

निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. माझं लग्न व्हायचं होतं. आमचं गाव झरीच्या पुढं, चहूकडं काळं रान. पाऊस पडला की त्या मातीत बैलाचा पाय जायचा तो पाय उपसताना बैल रडायचा. सडक नव्हती, गाडवाट होती, आणि तिची एक रीत होती. ज्याचं चाक, त्याचा गोटा. काळ्या रानात दगड औषधालाही सापडत न्हाई, म्हणून सेलूला कापूस घालून रिकामी गाडी परत निघाली की ओढ्यात थांबायची. चार गोटे गाडीत टाकायचे आणि जिथं आपलं चाक रुतलं होतं तिथं आणून बुजवायचे. नव्या नवरीची गाडी असली तरी सुटका न्हाई. जो टाळायचा त्याला गाव "उपरं चाक" म्हणायचं, आणि उपऱ्या चाकाला पाणी विचारतानासुद्धा बाया तोंड वाकडं करायच्या.

मग सडकेचा हुकूम आला. घरटी एक माणूस बिगारीला. बाप नांगराला, म्हणून आई आणि मी पाट्या घेऊन गेलो. मजुरी न्हाई, भाकर घरची. ज्यानं सडकेची रेघ मारली त्यानं ती कागदावर मारली होती. सुतासारखी सरळ, बरोबर आमच्या खोलगटातून, जिथं दिवाळीपर्यंत पाणी हटत न्हाई. आमी मुरूम टाकायचो, रान गिळायचं. भरावाला माती आमच्याच गाडवाटेची खोदली, तिथं ही एवढाली डबरी पडली.

आणि सडक झाल्यावर काय? तिच्या तोंडाला बोराटी लावली! काट्याच्या फांद्या, आडव्या. गाडीच्या चाकावरच्या लोखंडी धावेनं सडक कापती म्हणे. वरून मोटारी जातील, गाड्यांनी खालच्या डबऱ्यांतून जावं. राखायला एक जमादार ठेवला.

त्याच साली माझी मोठी बहीण पहिल्यांदा पोटुशी होती, जिंतूरकडं दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. तिच्या सासऱ्यानं सांगून धाडलं, "सडकेनं न्याल तर पाठवतो. त्या डबऱ्यांतून भरल्या पोटाची पोर हादरत जाऊ देणार न्हाई." खोटं न्हाई बोलला तो. तिची सासू वारलेली, घरात बाईमाणूस न्हाई. आई जमादाराकडं गेली.

"दादा, एक दिस बोराटी बाजूला करा. लेक आणायची हाय."

"हुकूम नै है, मावशी. गाडी वर चढली तर बैल जप्त."

"सडक आमी केली ना?"

"केली तुमी. हाय सरकारची."

आई घरी आली ती भाकर न खाता चुलीपुढं बसून राहिली.

पुढं ऐन पावसात, भर दुपारी, जमादार बोंबलत गावात आला. "चला, बिगार! साहेबाची मोटार फसली!" बिगार शब्द ऐकला की आमचे गडी ज्वारीत असे गडप व्हायचे की सशानं शिकावं. राहिल्या बाया. आई म्हणाली, "चला गं, बघू तरी."

खोलगटात मोटार चाकाच्या आसापर्यंत रुतलेली. साहेब छत्री धरून बाजूला उभा. आई सरळ सडकेच्या कडेला बसली, आणि तिच्या मागं सगळ्या बाया.

"उठा! ढकला!" जमादार ओरडला.

"आमच्यात रीत हाय. ज्याचं चाक, त्याचा गोटा. आधी त्यांचा पडू दे."

"साहेब गोटा उचलतील? डोकं फिरलं का?"

"मग उपरं चाक म्हणून बसा इथंच. रात्री कोल्हे येत्यात सोबतीला."

"क्या कहती है ये बाई?" साहेबानं विचारलं. मोटार हाकणारा परभणीचाच, त्याला हसू आवरंना. त्यानं सांगितलं, साहेबाचं तोंड आंबट झालं. पण पाऊस काय साहेबाचा नोकर न्हाई. त्यानं मान हलवली. मोटारवाला ओढ्यात उतरला, आणि त्याच्या मागं, शिव्या देत, जमादार. त्यांचे गोटे चिखलात पडले तशी आई उठली. कारण रीतीचा दुसरा अर्धा असा, की पहिला गोटा फसलेल्याचा, बाकीचे गावाचे. आमी बायांनी ओढ्यापासून रांग लावली, मोटार निघाली. साहेबानं वळूनसुद्धा बघितलं न्हाई.

आईनं जाता जाता बोराटी ओढली आणि घरी आणली. त्याच काट्यावर आमचं आंघोळीचं पाणी तापलं.

दुसऱ्या दिवशी बहिणीला आणायला बापानं गाडी जुंपली, सडकेवर चढवली. जमादार आडवा आला. "बैल सोडा!"

आई गाडीतूनच म्हणाली, "काल तुझा गोटा पडला, आज तुझी वाट झाली. आमच्या पाट्या तर वरसभर पडल्यात. सांग, कुणाची सडक?" आणि हळूच, "का गावात सांगू, जमादारानं बिगार केली म्हणून?"

तो बाजूला सरला. येताना बहीण गवताच्या गादीवर बसून सडकेनं आली, आणि खोलगटात आईनं गाडी थांबवून आमचे चार गोटे टाकले. बोराटी पुन्हा लागली, पुन्हा आमच्या चुलीत गेली. शेवटी काटेच दमले.

तर पोरी, राज्य गेलं, साहेब गेले, खोलगट तिथंच हाय. अजून रान गिळायलंय. म्हणून का यायचं न्हाई? या पंधरवड्यात ये. ज्वारीचा हुरडा आलाय, मी वाट बघतेय. आणि येताना ओढ्याजवळ उतर, एक गोटा घेऊन ये. उपरं चाक होऊन माझ्या दारात यायचं न्हाई.