पांढरा बोळा

कापसाला भाव नव्हता, म्हणून मुकुटबनला आम्ही कोंबडे पाळले. ते वजनदार व्हावेत म्हणून आई त्यांना खच्ची करायला शिकली. बरगड्यांमध्ये बारीक चीर देऊन आतले वृषण काढायचे. पहिलाच कोंबडा रक्त वाहून तिच्या हातातच गेला. मी आईवर जाम भडकले.

गुरांच्या डॉक्टरांनी चीर देण्याआधी काही दिवस कोंबड्यांना पिण्याच्या पाण्यात, रक्त लवकर गोठावं म्हणून, व्हिटॅमिन के द्यायला सांगितलं.

"पाणी पिऊन कुठी रक्त थांबते का व माय?" मी म्हटलं.

तरी काही दिवस ते पाणी पाजून मगच पुढच्या कोंबड्याला आईनं चीर दिली. आत श्वासाबरोबर काहीतरी गुलाबी हलत होतं. काम उरकून तिनं घरच्याच कापसाचा बोळा जखमेवर दाबला आणि उचलला. त्यावर जेमतेम एक लाल ठिपका होता.

बाजारात कोणी विचारत नव्हतं तो आमचा कापूस. इतका पांढरा मी त्याला कधीच पाहिला नव्हता.