त्याच जागी, तेच पेले

सत्तावीस वर्षं भुंगेमामा दर सोमवारी त्याच चाळीस जागी जमिनीत पुरलेले पेले काढून त्यांत पडून मेलेले भुंगेरे मोजत आले. भुंगेरे घटले की माती बिघडली, असा त्याचा अर्थ. पहिल्या वर्षी फेरीला सहाशे मिळायचे, आता तीनच.

"मामा, पेले झाडीत हलवा, तिथे जास्त सापडतील," संशोधन केंद्राचे नवे साहेब म्हणाले. "एवढ्याशा आकड्यांवर वरचे लोक हे मोजणीचं काम बंद करतील."

"हलवले तर मागच्या आकड्यांशी ताडायचं काय, साहेब?"

घरी बायको म्हणाली, "तुम्हीच मारून संपवलेत सगळे." मामा हसले नाहीत, ती शंका त्यांनाही होती.

पेले जागचे हलले नाहीत. महिन्याभरात काम बंद झालं. शेवटच्या फेरीत एक भुंगेरा निघाला. मामांनी तक्त्यात एक लिहिलं.