सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातलं कुंकू

पोरांनो, तुमच्या शाळेनं तुम्हाला विज्ञान संग्रहालयात नेल्याचे फोटो परवा पाहिले. प्रत्येक फोटोत तुमचा हात कशाला ना कशाला लागलेला आहे. ते पाहून मला आमच्या शाळेतल्या एका कपाटाचं कुलूप आठवलं. त्या कुलपाची गोष्ट नीट, सुरुवातीपासून सांगते.

नव्वदच्या दशकात मी रोहणा गावाजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत असे. शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. लाल कपड्यात गुंडाळून, लाकडी पेटीत घालून तो कपाटात ठेवलेला असे आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. माणूस मनानं चांगला, पण वस्तू फुटण्याची त्यांना फार धास्ती. सूक्ष्मदर्शक वर्षातून एकदाच बाहेर यायचा, दसऱ्याला. शेतकरी औतफाट्याची पूजा करतात, तशी शाळेत त्याची पूजा व्हायची. मोठे सर स्वतः त्याला हळदकुंकू लावत, मुलं हात जोडत आणि संध्याकाळी तो परत कपाटात जाई. एकदा पूजेनंतर मी हळूच आत डोकावले होते. तांबूस धुक्याशिवाय काही दिसलं नव्हतं.

मग पेशी शिकवायची ती फळ्यावर. त्या वर्षी दहावीत एक गोंड मुलगी होती. ती वर्गात उभी राहिली.

"मॅडम, ही पेशी तुम्ही पाह्यली का?"

"पाहिली. कॉलेजात असताना."

"मंग आम्हाले काऊन नाई दाखवत?"

तिच्या गावातली कोणतीच मुलगी दहावीच्या पुढे शिकली नव्हती. तीही बहुधा शिकणार नव्हती. आता दिसलं नाही, तर तिला ते जन्मात दिसणार नाही, हे मला कळत होतं. मी मोठ्या सरांकडे किल्ली मागितली.

"मॅडम, इतकी वर्षं झाली, एक ओरखडा नाई त्याले," सर म्हणाले. "पोट्ट्यांच्या हाती दिला तर दिवाळीपावतर टिकणार नाई."

त्याच सुमाराला नागपूरच्या विज्ञान केंद्राकडून निरोप आला. शाळेची सहल आणा, शिक्षकांसाठी वेगळा वर्ग घेतो, आणि शाळेतली बिघडलेली उपकरणं सोबत आणलीत तर दुरुस्तीही शिकवतो. मी सरांना म्हटलं, आपला सूक्ष्मदर्शक नेऊ या. सर म्हणाले, "मी येतो. पेटी माझ्यापाशी राहीन."

अशी आमची एसटी निघाली. पेटी सरांच्या मांडीवर. कारंज्याच्या ढाब्यावर सगळे चहाला उतरले, सर उतरले नाहीत. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "नवरदेव एकटा कसा सोडतीन?" सरांनी ऐकलं, पण खिडकीबाहेर पाहत राहिले.

केंद्रात शिरताच मुलं चाकांकडे, आरशांकडे, तारांकडे धावली. सर मागून ओरडत होते, "हात नोका लावू रे पोट्टेहो!" तिथली एक तरुण शिक्षिका हसून म्हणाली, "सर, इथे हात लावायलाच ठेवलंय सगळं." सरांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं देवळात चपला घालून यायला सांगितलं होतं.

दुपारी शिक्षकांच्या वर्गात तिनं आमची पेटी उघडली. नळी फिरवून भिंग काढलं आणि उजेडात धरलं.

"सर, ह्याची पूजा कोण करतं?"

"मीच करतो," सर अभिमानानं म्हणाले.

"तरीच. भिंगांवर कुंकू बसलंय, तेलही आहे. बाकी यंत्र ठणठणीत आहे."

तिनं मऊ कापडाला स्पिरिट लावून एक भिंग पुसलं आणि दुसरं मला पुसायला लावलं. कुठे जोर द्यायचा, कुठे नाही, हे हात धरून शिकवलं. मग मुलांना आत बोलावून विचारलं, "डब्यात कांदा कुणाच्या आहे?" झुणका-भाकरीच्या डब्यात कांदा नाही असं एकही पोर नव्हतं. तिनं एका फोडीचा पातळ पापुद्रा काढला, काचपट्टीवर ठेवला, त्यावर आयोडीनचा थेंब टाकला.

"सर, आधी तुम्ही पाहा."

सरांनी चष्मा काढला, वाकले, आणि वाकलेलेच राहिले. रांग चुळबुळायला लागली. एकजण म्हणाला, "सर, आमच्यासाठी ठेवजा थोडं."

सर सरळ झाले आणि मला हळूच म्हणाले, "फळ्यावर जन्मभर विटांच्या भिंतीसारखी काढली मी. तशीच आहे हो." त्यांनीही ती पहिल्यांदाच पाहिली होती. मग त्यांनी त्या मुलीला हाक मारून पुढे घेतलं.

ती पाहत राहिली. "मॅडम, पेशी जिवंत असते म्हणता. मंग हे हलून काऊन नाई राह्यलं?"

शिक्षिकेला तो प्रश्न फार आवडला. म्हणाली, कांद्यात ते इतकं सहज दिसत नाही, आणि आम्ही वर आयोडीनही टाकलंय, त्यानं पेशी मरते. शाळेत जाऊन डबक्याचं पाणी ठेवून पाहा.

मुलगी माझ्याकडे नाही, सरांकडे बघायला लागली. सरांनी किल्लीच्या खिशावर हात ठेवला.

सोमवारी शाळेत आले तर किल्ली माझ्या टेबलावर होती. ती मुलगी नाल्याचं पाणी बाटलीत भरून माझ्याआधी येऊन बसली होती. त्या थेंबात एक इवलासा जीव सैरावैरा पळताना तिनं पाहिला आणि सगळ्या वर्गाला एकेक करून दाखवला. त्यानंतर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्या केंद्रात बऱ्याचदा शिकायला गेले. फुगे, नळ्या, जुन्या बाटल्या यांतून हवेचा दाब शिकवायचा कसा, ते मला तिथल्या लोकांनी दाखवलं. माझ्या कॉलेजच्या इंग्रजी पुस्तकांनी मला विज्ञान दिलं, पण ते मुलांच्या हातात कसं द्यायचं, हे मी त्यांच्याकडून शिकले. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही.

सहल झाली त्याच वर्षीच्या दसऱ्यालाही पूजा झाली. सर ताट घेऊन आले, बोटावर कुंकू घेतलं. तेवढ्यात त्या मुलीनं नळीच्या तोंडावर आपला तळवा धरला.

"डोळ्यात नोका लावू, सर. पेटीले लावा."

सरांनी पेटीला लावलं.