ताशी छत्तीस किलोमीटरचे बाबा

निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी आमचे बाबा सायकलवरून ताशी छत्तीस किलोमीटर वेगाने जाऊ लागले. सरकारी नोकरीत होते तोवर त्यांनी कधी कशाची घाई केल्याचं आम्हाला आठवत नाही.

कारण मी होते. हिंजवडीतल्या कंपनीने मला परदेशी पाठवलं होतं, तिथून येताना मी बाबांसाठी सायकलचा इलेक्ट्रॉनिक स्पीडोमीटर आणला. सायकल त्यांच्या पहिल्या पगारातली. काळी, अठ्ठावीस इंची, दांड्यांच्या ब्रेकची. मीटरचं काम सोपं होतं. पुढच्या चाकाच्या स्पोकला चुंबक, चाक धरणाऱ्या चिमट्याला सेन्सर. चुंबक सेन्सरसमोरून गेला की चाकाचा एक फेरा मोजला जायचा. पण सगळी रचना तिकडच्या बारीक सायकलींसाठी केलेली. आमच्या चिमट्याला पट्टा पुरेना, म्हणून मी जुनी ट्यूब कापून सेन्सर आवळून टाकला. खोक्यात एक जादा चुंबक होता, तोही पलीकडच्या स्पोकला लावला. (संगणकाची पदवी आहे माझ्याकडे. बॅकअपशिवाय मी काही करत नाही!)

दर खड्ड्याला सेन्सर सरकायचा आणि बाबा उतरून तो पुन्हा आवळायचे. पण छत्तीसचा आकडा दिसला की चेहऱ्यावर तेज यायचं. आईने एकदाच विचारलं, "छत्तीसने जाता, तर दूध आणायला अर्धा तास का लागतो?"

"ट्रॅफिक," बाबा म्हणाले.

अशातच मला बघायला साताऱ्याहून मुलगा आणि त्याची आई यायची होती. रिक्षावाले नारायण पेठेत रस्ता चुकतात म्हणून बाबा सायकलवरून त्यांना आणायला स्वारगेटला गेले. पाहुण्यांना रिक्षात बसवलं, स्वतः पुढे निघाले, आणि 'वेग झेपला नाही तर हॉर्न द्या' असं रिक्षावाल्याला बजावलं. तो बिचारा जवळजवळ ढकलल्यासारखी रिक्षा चालवत आला.

घराखाली भांडण जुंपलं. रिक्षाच्या मीटरपेक्षा बाबांच्या मीटरवर अंतर बरोबर दुप्पट भरलं होतं. जन्मात ऑफिसची टाचणी घरी न आणलेले बाबा दुप्पट भाडं द्यायला निघाले.

"काका, माझा मीटर पास झालेला आहे. होतील तेवढेच घेणार."

"अहो, तुमचं नुकसान होतंय."

"होऊ द्या."

रिक्षावाला पैसे नको म्हणतोय, हे बघायला निम्मी पेठ जमली. मी गॅलरीत, हातात पोह्यांची बशी. तेवढ्यात मुलगा सायकलपाशी उकिडवा बसला आणि त्याने चाक फिरवून पाहिलं.

"हे कोणी बसवलं?"

"आमच्या मुलीने," बाबांनी अभिमानाने वर बोट केलं. "इंजिनिअर आहे."

त्याने वर पाहिलं. "दोन चुंबक कशाला?"

"एक बंद पडला तर..." मी म्हणाले.

"चुंबक बंद पडतो?" त्याने अगदी शांतपणे विचारलं. निम्मी पेठ वर बघू लागली.

बाबांनी मनात भागाकार केला. "म्हणजे अठरा," ते पुटपुटले.

"या वयाला अठरा खूप झाले," आई म्हणाली, आणि पाहुण्यांना वर घेऊन आली.

आठवड्याने साताऱ्याहून होकार आला. लग्नानंतर मी नवऱ्याला विचारलं, हो म्हणण्याइतकं काय आवडलं होतं? तो म्हणाला, "जास्त भाडं देण्यासाठी भांडणारा सासरा पुण्यात दुसरा मिळाला नसता."

माझ्याविषयी काही होतं का, हे मी अजून विचारलेलं नाही.