लेकीच्या पोटातली राखण

टोमॅटोवर करपा दिसला की फवारायचं, नाही हटला तर त्याहून जहाल औषध आणायचं, ही आमच्या नारायणगावकडची रीत. मी तीच लेकीच्या पोटाला लावली, हे आधी कबूल करते.

घरोघरी नुकते मोबाईल आले होते तेव्हाची गोष्ट. लेक कॉलेजात होती. पोटात कळा, शौचाला रक्त, अन् हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. जंतू झालेत म्हणून मी मेडिकलातून जंतू मारायच्या कॅप्सूल आणायची. चार दिवस बरं, पुन्हा तेच. मग आणखी जहाल. शेवटी तिनं परीक्षा सोडली. पोरगी हातची जाते की काय, असं झालं मला.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी दुर्बीण घालून पाहिलं. लहान आतड्याच्या टोकाला जखमा होत्या. कॅप्सूल किती दिल्या विचारलं, तर मी बोटांवर मोजून सगळ्या सांगितल्या, वर म्हणाले, "एक बी चुकवली न्हाई."

बाई रागावल्या नाहीत. कागदावर आतडं काढून दाखवलं. आत जंतूंचं गावच असतं म्हणे, अन् त्यातले बरेच कामाचे. आतड्याचं अस्तर स्वतःच प्रथिनाचे बारीक बारीक तुकडे बनवतं. जंतूंना मारणारे ते तुकडे त्यांना अस्तराला भिडू देत नाहीत. या आजारात ती राखण कमजोर पडत असावी. मग जंतू अस्तराला भिडतात, अन् अंगातलीच फौज चवताळून आतड्याला जखमा करते. असं का होतं, ते अजून पुरतं कळलेलं नाही, म्हणाल्या. एवढी शिकलेली बाई सरळ 'कळलेलं नाही' म्हणते, याचं मला लई अप्रूप वाटलं. आणि आतड्याचंही. कुणी शिकवलं नाही, तरी आपलं औषध आपण बनवतंय.

आमचं घर मूळचं मेंढरांचं. लेक माझ्याकडे वळून म्हणाली, "आई, खतासाठी आपण मोकळ्या रानात मेंढरं बसवतो ना? शेजारच्या उभ्या पिकात शिरू नयेत म्हणून बांधावर कुत्री असतात. माझी कुत्री थकलीत. अन् तू मेंढरंच मारत व्हतीस."

बाई हसल्या. उद्यापासून मीही पेशंटला असंच सांगणार, म्हणाल्या.

ती फौज शांत करायच्या गोळ्या सुरू झाल्या. आजार मुळासकट जाणार नाही, मधूनमधून डोकं वर काढील, हेही बाईंनी लपवलं नाही. तो सावकाश आटोक्यात आला. मध्ये एकदा उलटलाही, पण यावेळी मी मेडिकलाची पायरी चढले नाही, बाईंना फोन लावला.

दिवाळीनंतर आमच्या रानात मेंढरं बसली. लेकीनं परीक्षेचा फॉर्म भरला होता. सकाळी चुलीपाशी बसून तिनं अख्खी भाकरी खाल्ली, कितीतरी महिन्यांनी. मग दुसरी मागितली. मी हरखून ताटात वाढायला गेले, तर हात पुढं करून म्हणाली, "मला नको. बांधावरच्या कुत्र्याला घालून येते."